सतरावी नोंद

इंदिराबाईंनी तिकिटाच्या फळीवर वही उघडून ठेवली आणि अठराव्या नोंदीवर बोट टेकवलं.

"वाचा."

रतिलालशेठनं कपाळावरचा चष्मा खाली ओढला. दुपारचे चार वाजत होते. मेळा अजून नीट उघडला नव्हता. आकाशपाळण्याला एक माणूस वंगण घालत होता. शेठच्या दोन तंबूंपुढं नुकतंच पाणी मारून झालं होतं. डावीकडच्या तंबूत सिनेमा, उजवीकडच्या तंबूत पाताळसफर, आणि दोन्हींवर मिळून एक लांबलचक फलक : 'आधी सिनेमा बघा, मग सिनेमात चला.'

"अक्षर झकास आहे पोरीचं," शेठ म्हणाला.

"मजकूर वाचा."

पानाच्या मधोमध पट्टीनं रेघ मारलेली होती. डावीकडं 'सिनेमा', उजवीकडं 'सफर'. अठराव्या ओळीत डाव्या बाजूला लिहिलं होतं : राक्षस. नट आहे. उजव्या बाजूला : राक्षस. माझे बाबा आहेत.

शेठनं एकदा वाचलं, मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

"खाज्याची पोर तुमच्या शाळेत आहे? बोलला नाही कधी."

"तुम्ही कधी विचारलंत?"

शनिवारी इंदिराबाई आठवीच्या मुलींना घेऊन इथं आल्या होत्या. धुळ्याच्या त्या मुलींच्या शाळेत त्या विज्ञान शिकवायच्या, आणि मेळ्याला सहल न्यायला मुख्याध्यापिका तयार नव्हत्या. इंदिराबाईंनी लेखी दिलं की ही सहल नव्हे, प्रात्यक्षिक आहे. मुलींनी आधी सिनेमा बघायचा, मग पाताळसफर करायची, आणि दोन्हींतली साम्यं निरीक्षणवहीत लिहायची. चमत्कार दिसला की तो कसा केला ते शोधायचं. आत बोलायचं नाही, किंचाळायचं नाही, फक्त बघायचं. लिहिताना खोडरबर वापरायचा नाही. चूक झाली तर तिच्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी सही करायची. हा नियम त्यांनी कॉलेजच्या प्रयोगशाळेतून आणला होता आणि वीस वर्षांत कोणालाही त्यातून सूट दिली नव्हती.

सिनेमा जुना होता, मधूनमधून तुटत होता. एक राजपुत्र पाताळात उतरतो, उडत्या घोड्यावर बसतो, धुरातून निघालेल्या राणीला सोडवतो आणि शेवटी राक्षसाला मारतो. सफरीत तेच सगळं होतं, फक्त प्रेक्षक हलत होता. सहा जणांची लाकडी गाडी रुळावरून अंधाऱ्या कापडी बोगद्यात जायची आणि दोन माणसं ती मागून ढकलायची.

मुलींनी चांगलं लिहिलं होतं. दोन्हीकडं अंधार लागतो. दोन्हीकडं डोंगराची फक्त पुढची बाजू रंगवलेली असते. घोडा उडत नाही, मागचे ढग सरकतात. राणी अधांतरी दिसते कारण तिच्या खाली तिरका आरसा आहे. एकीनं लिहिलं होतं, दोन्हीकडं आपल्याला मान वळवायची सोय ठेवलेली नसते. त्या वाक्याखाली इंदिराबाईंनी 'उत्तम' लिहिलं होतं.

शेवटच्या वळणावर राक्षस होता. डोक्यावर पिसांचा टोप, काळ्या अंगावर पांढरे ठिपके, कमरेला घुंगरं. सिनेमातलाही थेट असाच. गाडीत बसताना प्रत्येकीला एक रबरी चेंडू मिळायचा. राक्षस समोर उडी मारून नाचू लागला की चेंडू फेकायचे. चेंडू लागला की तो मोठ्यानं ओरडून पडायचा, गाडी पुढं जायची, आणि पुढच्या गाडीसाठी तो उठायचा.

इंदिराबाई पहिल्याच गाडीत होत्या. ही वही लिहिणारी रेशमा त्यांच्या शेजारी.

"नेम थोडा वर धरा," त्या मुलींना म्हणाल्या होत्या. "चेंडू जाताजाता खाली येतो."

गाडी बाहेर आली तेव्हा रेशमाच्या मुठीत तिचा चेंडू तसाच होता. उतरताना तिनं तो टोपलीत ठेवला होता, हळूच, अंडं ठेवावं तसा.

रविवारी वह्या तपासताना अठराव्या ओळीपाशी इंदिराबाईंचा हात थांबला तो थांबलाच. सोमवारी शिक्षकखोलीत प्रमिलाबाईंनी ती वही सहज चाळली.

"अगं बाई! राक्षसाची पोर आपल्या शाळेत!" असं म्हणून त्या हसल्या. "ही डोंगरातली माणसं म्हणजे ना! बरोबर माणूस निवडलाय हो त्या तंबूवाल्यानं. रंगवायलासुद्धा नको."

इंदिराबाईंनी त्यांच्या हातातून वही काढून घेतली. पुढच्या तासाला चौथ्या बाकावरून कोणीतरी 'हूं हूं' असा आवाज काढला तेव्हा खोलीतलं बाहेर गेल्याचं त्यांना कळलं. मधल्या सुट्टीत त्यांनी रेशमाला व्हरांड्यात बोलावलं.

"तू तिथंच का नाही बोललीस?"

"तुम्ही म्हणाल्या होत्या ना बाई, आत बोलायचं नाही."

"मग बाहेर आल्यावर?"

रेशमानं वेणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "मग तर लिहिलंच."

शेवटची घंटा झाल्यावर इंदिराबाई घरी गेल्याच नाहीत. वही पिशवीत टाकली आणि रिक्षा केली.

"शेठ, हे बंद करा," त्या आता म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण आकाशपाळण्यावरच्या माणसानं वळून बघितलं. "जो माणूस डोंगरात राहतो त्याला पिसं लावायची, राक्षस म्हणायचं आणि लेकरांच्या हातात चेंडू द्यायचे. सिनेमावाल्यांनी ते मुंबईत बसून केलं. तुम्हाला तर हा माणूस माहीत आहे."

"माहीत आहे म्हणून तर आणला ना बाई! गेल्या होळीला माझा तंबू सातपुड्याखालच्या बाजाराला होता. याला मी तिथं बघितला, अंगाला राख, डोक्यावर पिसं, होळीचा बुध्या झालेला. काय तो नाच! म्हटलं, आपल्याला दुसरा राक्षस शोधायलाच नको. टोप नि घुंगरं घेऊनच ये म्हटलं."

"बुध्या म्हणजे राक्षस नाही."

"नाही ना? ते मला काय ठाऊक! दिसायला तर तसाच शे."

इंदिराबाईंना एकदम आपले वडील आठवले. गावच्या सोंगांत सुपडूआबांना दर वर्षी एकच सोंग मिळायचं, शेपटीवालं, आणि सगळं गाव त्या शेपटीला धरून हसायचं. वरणगावच्या कारखान्यात नोकरी लागली त्या दिवसानंतर त्यांनी ढोल ऐकला की खिडकी लावून घेतली. त्यांच्यासाठी कोणी कधी कुठल्या फळीवर वही ठेवली नव्हती.

"मी कलेक्टर कचेरीत अर्ज देणार आहे," त्या म्हणाल्या. "आजच. खाली माझ्याबरोबर आणखी सह्या असतील."

शेठचा चेहरा उतरला. मैदानाची परवानगी महिनाअखेरपर्यंतच होती, आणि ती वाढवून देणारं टेबल त्याच कचेरीत होतं. त्यानं टोपी काढून डोकं खाजवलं. मग त्याचा चेहरा हळूहळू उजळला.

"बाई, तुम्ही म्हणता ते खरं आहे. चुकलं माझं. असं करू, राक्षस हा शब्दच काढून टाकू. नवा बोर्ड लावू : 'सातपुड्याचा अस्सल बुध्या'. चेंडू बंद. मारणं बंद. टेपवरचा घुंगरांचा आवाज पण बंद, खोटं काही नकोच. खराखुरा नाच, खरी घुंगरं, एकदम मानानं. तुमच्या मुलींना पुन्हा घेऊन या, फुकट. मग तर झालं?"

इंदिराबाई थबकल्या. मागितलं त्याहून जास्त मिळालं की माणूस जसा थबकतो तशा. त्यांनी मान डोलावली.

"झुलाल!" शेठ ओरडला. "पेंटरला बोलाव! आणि खाज्याला पाठव!"

खाज्या तंबूच्या मागून आला. अर्धे ठिपके काढून झाले होते. हातात चुन्याचा डबा, कमरेला घुंगरांचा पट्टा. इंदिराबाईंना बघून त्यानं डबा खाली ठेवला आणि हात लुंगीला पुसले.

"राम राम बाई. तुम्ही रेशमानी बाई शेतस ना? शनवारले देख्यं मी."

इंदिराबाईंनी हात जोडले. वळणावरच्या अंधारात त्यालाही दिसत होतं, हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

शेठनं त्याला सगळं समजावून सांगितलं, हातवारे करून. बोर्ड, मान, खरा नाच. खाज्या ऐकत राहिला. एकेक शब्दागणिक त्याचा चेहरा बंद होत गेला.

"चाल, दाखव बाईंना. जरा घुंगरं वाजव. त्यांना पण कळू दे खरं काय असतं."

खाज्या हलला नाही.

"अरे लाजतोस काय! नाच की!"

खाज्या दोन पावलं नाचला. कंबर डावीकडं झटकली, मग उजवीकडं. पट्ट्यावरची पन्नासेक घुंगरं जोरात हलली.

आवाज झाला नाही.

इंदिराबाई पुढं झाल्या. ओणवून बघितलं. प्रत्येक घुंगराच्या फटीत पिवळट, घट्ट काहीतरी भरलेलं होतं, बोटानं दाबून बसवलेलं. त्यांनी नखानं जरासं खरवडलं आणि नाकाशी नेलं.

"मेण," त्या म्हणाल्या.

"आम्हना डोंगरनं शे," खाज्या म्हणाला. मग शेठकडं न बघता, फक्त त्यांच्याकडं बघून, तो हळू बोलू लागला. "टोप खोटा शे बाई, कोंबडाना पीस शेतस. अंगवर राख नही, चुना शे. पन घुंगरं खरा शेतस, मना बापना. शेठ बोलना, घुंगरं लई ये, नहीतर येऊ नको. आनि माले धुळामा ऱ्हावानं व्हतं, रेशमा आठे शे. रेशमा लहान व्हती तवय मरता मरता वाचनी. मी मानता लिधी. पाच होळ्या बुध्या बनसू. चार व्हयन्यात. औंदा पाचवी. उपास धऱ्या बिगर, होळी बिगर हाई वाजाडानं नही. वाजनं ते मानता गयी."

"मग तिथं रोज..." इंदिराबाईंनी तंबूकडं बोट केलं.

"तठे राक्षस नाचस. तोच पडस." खाज्या किंचित हसला. "बुध्या पडत नही, बाई."

शेठ फलकाच्या मापाचा हिशेब दोरीनं करत होता. त्यानं यातलं अर्धंच ऐकलं असावं. "अरे मेण काय, गरम पाण्यात टाकलं की निघतं! झुलाल, पातेलं ठेव रे स्टोव्हवर."

खाज्याचा हात पट्ट्यावर गेला. त्यानं पट्टा सोडला नाही, नुसता धरून ठेवला. त्यानं शेठकडं पाहिलं नाही. त्यानं इंदिराबाईंकडं पाहिलं.

स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज येऊ लागला.

"शेठ," इंदिराबाई म्हणाल्या. "बोर्ड बदलू नका."

"आं?"

"आहे तोच राहू द्या. राक्षसच म्हणा. टेप पण वाजू द्या. मेणाला हात लावायचा नाही. नाहीतर अर्ज आहेच माझा."

शेठ दोरी हातात धरून उभा राहिला. "बाई, आत्ता तर तुम्हीच म्हणालात..."

"म्हणाले. चेंडू मात्र बंद."

"चेंडू बंद, पण राक्षस चालू?"

"हो."

"मग तो पडणार कशानं?"

इंदिराबाईंनी खाज्याकडं बघितलं. खाज्यानं खांदे उडवले.

"आपोआप पडसू," तो म्हणाला. "माले सवय शे."

शेठनं स्टोव्ह बंद करायला लावला आणि शिकलेल्या बायकांबद्दल काहीतरी पुटपुटत आत गेला. संताप इंदिराबाईंच्या अंगात तसाच होता. फक्त तो आता नेमका कोणावर धरायचा ते त्यांना ठरवता येत नव्हतं. फळीवर वही अजून उघडी होती. वाऱ्यानं पान हलत होतं.

"रेशमानी वही शे?" खाज्यानं विचारलं. तो जवळ आला, पण चुन्याचे हात त्यानं पाठीमागं ठेवले. "किती मार्क पडनात तिले?"

इंदिराबाईंनी पानाकडं बघितलं. काल रविवारी, अठरावी ओळ वाचायच्या आधी त्यांनी सतरावी वाचली होती आणि झरझर लाल शाई चालवली होती. सतरावी नोंद अशी होती : घुंगरांचा आवाज. सिनेमात बाहेरून जोडलेला. सफरीतही बाहेरून, टेपमधून. राक्षसाची घुंगरं वाजत नाहीत.

तिच्यावर त्यांची लाल फुली होती. शेजारी लिहिलं होतं : चूक. घुंगरू हलले की वाजतेच. निरीक्षण नीट करावे. एक गुण वजा.

त्यांनी पिशवीतून लाल पेन काढलं. फुलीवर एक आडवी रेघ मारली, मग 'चूक' या शब्दावर, मग पुढच्या दोन्ही वाक्यांवर आणि कापलेल्या गुणावर. खालचं सगळं वाचता येत होतं. शेजारी त्यांनी सही केली : इं. सु. बैसाणे, २१-१-९१.

खाज्या मान वाकडी करून ती लाल शाई बघत होता. त्याला वाचता येत नव्हतं, पण शाळेच्या वहीतला लाल रंग त्याला ठाऊक होता.

"चुकी शे का काही?" त्यानं काळजीनं विचारलं. "कोनी?"

"माझी," इंदिराबाई म्हणाल्या.

तंबूत टेप सुरू झाला. घुंगरं वाजू लागली. खाज्यानं डबा उचलला आणि उरलेले ठिपके काढायला तो आत गेला.