गडद जांभळा वॉर्ड

गल्लीत त्याला सगळे ‘भावी’ म्हणत. कित्येक निवडणुका त्याच्या फलकांवर ‘भावी नगरसेवक’ छापून येत होतं. नाव झिजून गेलं, भावी तेवढं उरलं.

त्याची बायको नगरपालिकेत नकाशे काढायची. पाण्याच्या नळांचे, गटारांचे. यंदा पक्षाच्या साहेबांनी फर्मान काढलं, की उमेदवारी हवी असेल त्याने आपल्या वॉर्डाचा रंगीत नकाशा आणावा. मागच्या वेळी ज्या केंद्रावर पक्षाला भरपूर मतं पडली तिथे गडद जांभळा रंग, जिथे थोडी तिथे फिकट. भावीने ऐटीत सांगितलं, “आमच्या घरचंच काम आहे!”

सुट्टीच्या दिवशी तिने जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला आणि केंद्रागणिक आकडे भरले. वॉर्ड उमटला तो धुऊन धुऊन विटलेल्या चादरीसारखा.

“हे काय गं? आजारी दिसतोय वॉर्ड!”

“अहो, मतंच तेवढी आहेत. शंभरात पंचवीस.”

“आणि आपली गल्ली तर पांढरीफटक!”

सासूबाई वाटाणे सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “मागच्या वेळी तुमच्या पक्षाचा कोण उभा होता, तेच मला आठवत नाही. मत कुणाला देऊ, फलकाला?”

“आई, तू गप्प बस. अगं, थोडा गडद कर ना. माझं तिकीट अडकलंय.”

“आकडे मी बदलणार नाही.”

“आकड्यांना कोण हात लावतंय? रंगाला लाव!”

तिने लॅपटॉपवरून मान वर केली. संसारात पहिल्यांदाच नवरा मुद्द्याचं बोलला होता. गडद रंग साठ टक्क्यांपासून सुरू करायचा की पंधरापासून, ते नकाशा काढणाऱ्याच्या हातात असतं.

“खाली रंगांच्या सूचीत तसं स्पष्ट लिहीन हं.”

“लिही की. सूची कोण वाचतंय?”

तिने ‘गडद म्हणजे पंधरा टक्क्यांपासून पुढे’ हे शीर्षकाइतक्याच ठळक अक्षरांत लिहिलं. वॉर्ड ताज्या वांग्यासारखा तुकतुकीत झाला.

पक्ष कार्यालयाच्या भिंतीवर ओळीने नकाशे लागले. टाचण्या लावायला तीही गेली होती. साहेब पाठीमागे हात बांधून एकेक नकाशा बघत आले आणि थबकले.

“हा कुणाचा?”

“माझा, साहेब!” भावी पुढे सरसावला.

“वा! इथे विजेचा खांब उभा केला तरी निवडून येईल.”

सगळे हसले. भावी सगळ्यांत मोठ्याने.

“आमच्या मेहुण्याला बोलवा,” साहेब म्हणाले.

मेहुणा गाडीत झोपला होता. डोळे चोळत आला आणि थेट नकाशाला पाठ टेकून उभा राहिला. सगळी सूची त्याच्या शर्टामागे गेली.

“इथून तू उभा राहा. पहिलीच वेळ आहे, सोपा वॉर्ड हवा.” मग साहेबांनी भावीच्या खांद्यावर हात ठेवला. “आणि प्रचार तुम्ही सांभाळा. अहो, तुमच्याइतकं इथलं कुणाला माहीत?”

शेजारचा फिक्कट वॉर्ड एका शिंप्याचा होता. तो नकाशा त्याच्या मुलीने रंगीत पेन्सिलींनी काढला होता. “हा घ्या तुम्हीच,” साहेब जाता जाता म्हणाले. शिंप्याला उभ्या उभ्या तिकीट मिळालं.

भावी नकाशाकडे वळला. नकाशा खोटा म्हणावा, तर तो खोटा नव्हता. वॉर्डात आपल्याला कुणी विचारत नाही म्हणावं, तर ते भिंतीवर लागलेलंच होतं, मेहुण्याच्या पाठीमागे.

दोघं घरी निघाले. रस्त्यात तो फणकारला, “तू का नाही बोललीस?”

“लिहिलं होतं की.”

थोडं पुढे गेल्यावर त्याने आवाज खाली आणला. “आता फिका करता येईल का गं?”

“मला काही करावं लागणार नाही,” ती म्हणाली. “साहेबांचे मेहुणे एकदा गल्लीत हिंडू देत.”