हो म्हणेल त्यानं सुतळी ओढायची

"कधी रिकामा सोडलात का?" क्रॉसबो टेबलावर आडवा ठेवत काकांनी विचारलं.

"म्हणजे?" दातांच्या डॉक्टरीणबाईंनी पर्सचा पट्टा उगाचच सारखा केला.

"म्हणजे बाण न लावता चाप ओढलात का? एकदा तरी?"

"छे हो! तेवढं कळतं मला."

काकांनी मान डोलावली. हा प्रश्न ते येणाऱ्या प्रत्येकाला विचारत. क्रॉसबो म्हणजे बंदुकीसारख्या दस्त्यावर आडवं बसवलेलं धनुष्य. बाण लावून सोडलं तर सगळा जोर बाणाबरोबर निघून जातो. बाणच नसेल, तर तो जोर जाणार कुठं? धनुष्याच्या दोन्ही बाजूंच्या लवचिक पात्यांतच शिरतो, आणि वरून काही दिसत नाही. नेमबाजीच्या मैदानामागच्या त्या दोन टेबलांच्या दुकानात भिंतीवर एकच पाटी होती, 'बाणाशिवाय चाप ओढू नये.' ती काकूंच्या अक्षरात होती, कारण काकांचं अक्षर काकांनाही लागत नसे.

बाईंना आता लांबचं निशाण मारायचं होतं, म्हणून त्यांनी जास्त ओढीची पाती आणली होती. नवऱ्यानं ती घरी बसवूनही पाहिली होती. फक्त पक्की करून हवी होती, आणि शनिवारी सामना होता.

"पाती बदलायला दहा मिनिटं लागतात," काका म्हणाले. "बाकीच्याला चार दिवस."

"बाकीचं काय असतं त्यात?"

काकांनी नळावरच्या भांडणाच्या उत्साहानं सांगायला सुरुवात केली. दस्ता एवढी ओढ सोसेल असं बनवणाऱ्यानं लिहून दिलंय का, ते आधी बघायचं. नसेल तर नमस्कार. पाती जोडीनंच घ्यायची, एक इथलं एक तिथलं चालत नाही. दोरी नवी हवी, मापाची हवी. तुमच्या साहेबांनी जुनीच ठेवलीय, म्हणजे म्हाताऱ्या बैलाला ट्रक ओढायला लावलाय. दोरी धरून ठेवणारी आतली कळ झिजलीय का तेही बघायला हवं. हे सगळं ताण उतरवून, दाबयंत्रात धरून करायचं. गुडघ्यावर घेऊन नव्हे.

"ह्यांना विचारू नका हो," पलीकडच्या टेबलावरून काकू म्हणाल्या. "लग्नाआधी मला बघायला आले तेव्हा चहाचा कप उलटा करून तळ तपासला होता ह्यांनी."

"तडा होता त्याला."

"होता," काकूंनी कबूल केलं. "आई अजून लाजते."

या दुकानाची एक रीत होती. एकतीस वर्षांत ती मोडली नव्हती. बसवायचं काम काकांचं, तपासायचं काकूंचं. आपण केलेलं आपल्याला बरोबरच दिसतं, असं काकांचं म्हणणं. काकू कापसाचा छोटा बोळा घेत आणि पात्याच्या दोन्ही अंगांवरून, कडांवरून सावकाश फिरवत. केसाएवढी चीर असली, तरी कापसाचा तंतू तिथं अडकतो. डोळ्यांना दिसायच्या आधी तो अडकल्याचं बोटांना कळतं. मग काकू 'हो' म्हणत, नाहीतर 'नाही'. आणि जो हो म्हणेल, त्यानंच पहिले दहा बाण सोडायचे. खांद्याला लावून नाही. क्रॉसबो क्लॅम्पमध्ये घट्ट आवळायचा, चापाला सुतळी बांधायची, जाड लाकडी फळीमागं उभं राहायचं आणि तिथून सुतळी ओढायची. दहा बाण काकू अंगठ्यानं बोटांच्या पेरांवर मोजत, खाली न बघता. काकांनी कधी मोजले नाहीत. गरजच पडली नव्हती.

चौथ्या दिवशी दुपारी बाई दवाखान्याच्या पांढऱ्या कोटातच आल्या. सगळं तयार होतं. काकूंनी बोळा घेतला, एक पातं, दुसरं पातं, वरून, खालून फिरवला.

"हो," त्या म्हणाल्या.

"मग द्या ना, मीच मारते पहिला," बाई म्हणाल्या. "काकूंनी हो म्हटलं म्हणजे झालंच की."

"फळीमागं या," काका म्हणाले.

पहिला बाण गवताच्या भाऱ्यात खसकन घुसला. काकूंचा अंगठा पहिल्या पेरावर गेला. काकांनी पुन्हा दोरी ताणून अडकवली, बाण ठेवला, फळीमागं आले. काकूंनी सुतळी ओढली.

काचेचं कपाट कोसळावं तसा आवाज झाला. काहीतरी फळीवर आपटलं, काहीतरी छपराच्या पत्र्यावर. मग इतकं शांत झालं की मैदानावर कुणीतरी हसलेलं ऐकू आलं.

काकांनी डोकं बाहेर काढलं. उजवं पातं जागेवर नव्हतं. त्याचा वीतभर तुकडा फळीत रुतून थरथरत होता, बरोबर माणसाच्या तोंडाच्या उंचीवर. बाई मटकन खाली बसल्या होत्या. दिवसभर दुसऱ्यांना तोंड उघडायला सांगणाऱ्या त्या बाईंची दातखीळ बसली होती.

"लागलं का कुणाला?" काकूंनी विचारलं. त्यांचा आवाज शांत होता.

काकांनी स्वतःला चाचपलं, बाईंकडे पाहिलं. मग फरशीवर लाल थेंब दिसले. एक, दोन, मग एक ओळच.

"रक्त..." ते म्हणाले.

"अगंबाई! कुणाचं?"

काकू वाकून फरशीवर शोधायला लागल्या. त्यांनी बाईंचा कोट बघितला, काकांचे पाय बघितले. सुतळी ओढताना फळीच्या कडेबाहेर राहिलेल्या त्यांच्या स्वतःच्या उजव्या हाताची दोन बोटं उभी चिरली होती, रक्त मनगटावरून कोपरापर्यंत आलं होतं, आणि त्या दुसऱ्या कुणाला लागलंय ते शोधत होत्या.

काकांच्या पायाखालची जमीन सरकली. पातं फुटलं तेव्हा नाही, आत्ता.

"तुझं," ते कसेबसे म्हणाले. "अगं, तुझंच."

काकूंनी हात वर धरून पाहिला. दुसऱ्याची वस्तू चुकून आपल्या पिशवीत आली असावी, तसा.

बाई तेवढ्यात भानावर आल्या. रक्त दिसल्यावर त्यांच्यातली डॉक्टर उठून उभी राहिली. त्यांनी काकूंचा हात धुतला, चिरा दाबून धरल्या, पट्टी मागितली. मग पट्टी बांधता बांधता थांबल्या.

"काकू, डोळे मिटा बरं. आता मी कुठलं बोट दाबतेय?"

काकूंनी डोळे मिटले.

"सांगा ना."

"दाबलंत का?" काकूंनी विचारलं.

बाईंनी करंगळी चांगली चिमटीत धरली होती. त्यांनी काकांकडे पाहिलं. काकांना ते बघवेना. मागच्या महिन्यात काकूंनी दुधाचं उकळतं पातेलं नुसत्या हातांनी उतरवलं होतं आणि ते म्हणाले होते, "हात आहेत की सांडशी?" दोघंही हसले होते. दुसऱ्या दिवशी फोड आले तेव्हा 'हे कुठून आले' म्हणून काकू नवल करत होत्या. दोरीला दोरा गुंडाळताना पांढऱ्या दोऱ्यावर लाल ठिपका निघाला होता, तेव्हाही. कपाचा तळ तपासणारा माणूस, आणि ज्या हातांचं रोज खाल्लं त्यांच्याकडे त्यानं एकदा नीट बघितलं नव्हतं. काकांना स्वतःची लाज वाटली.

काहीतरी करायला हवं म्हणून ते फळीकडे गेले आणि रुतलेला तुकडा उपसून काढला. तुटलेल्या कडेला, खालच्या अंगाला, पांढरी लव होती. कापूस. बोटाच्या पेराएवढा झुपका अडकलेला. चीर तिथंच होती. बोळा तिच्यावरून गेला होता, अडकला होता, ओढून तुटला होता, आणि काकू हो म्हणाल्या होत्या. मग सुतळी धरून त्याच पात्याजवळ उभ्या राहिल्या होत्या.

काकांनी तो झुपका चिमटीनं काढला आणि मूठ मिटली.

"माझ्यामुळं झालं," मागून बाईंचा रडवेला आवाज आला. "मी खोटं बोलले. नवऱ्यानं घरी बसवल्यावर आवाज कसा येतो बघू म्हणून मी एकदा सोडला होता. रिकामा. एकदाच! काही झालेलं दिसलं नाही, म्हणून... काकू, तुमचं डोकं गेलं असतं हो."

काकांचा जीव भांड्यात पडला. आपल्याला असं वाटावं याचं पुढं त्यांना किती दिवस वाईट वाटलं, पण त्या क्षणी तो पडला खरा.

"तरीच!" ते जवळजवळ ओरडले. "तरीच म्हटलं! हिच्या हातून सुटणं शक्यच नाही. आतल्या आत मोडलेलं होतं ते, वरून कळणारच नाही. कुणालाच कळलं नसतं. काय गं?"

काकू त्यांच्याकडे बघत होत्या.

"मूठ उघडा," त्या म्हणाल्या.

"काय?"

"डाव्या हाताची. उघडा."

"कुसळ लागलंय, काढतोय..."

"एकतीस वर्षांत मला तुम्ही कधी खोटं सांगितलं नाहीत. आत्ता नका सुरू करू."

काकांनी मूठ उघडली. घामानं कापसाची गोळी झाली होती. काकूंनी ती डाव्या हातात घेतली आणि डोळ्यांजवळ नेली. बाई काहीतरी बोलायला गेल्या, तर काकूंनी पट्टीचा हात वर करून त्यांना थांबवलं.

"चूक तुमची होती, बाई. रिकामा सोडायला नको होता आणि खोटं तर मुळीच बोलायला नको होतं. पण माणसं रिकामे सोडतात, खोटंही बोलतात. म्हणून तर मी इथं बसते. ती चूक पकडायचं काम माझं होतं. ती माझ्या बोटांखालून गेली."

"तुला आधीपासून कळत होतं?" काकांनी विचारलं.

"हिवाळ्यात वाटलं, गारठ्यानं झालं असेल. मग उन्हाळा आला. सांगितलं असतं, तर तुम्ही मला खुर्चीवरून उठवलं असतं. मला उठायचं नव्हतं हो."

हे शेवटचं वाक्य त्या अगदी हळू बोलल्या. काकांना रडू आलं, आणि त्यांनी ते लपवलं नाही. काकूंनी टेबलाचा खण उघडला, कापसाचं बंडल काढलं आणि ते काकांच्या टेबलावर नेऊन ठेवलं, हातोडीशेजारी.

"मी बसवलेलं मीच तपासू?" काकांनी विचारलं.

"ते नाही चालायचं," काकू म्हणाल्या. "बघू."

रक्ताच्या तपासणीत साखर निघाली, पुष्कळ जुनी. गोळ्या सुरू झाल्या. बोटांच्या जखमा भरून आल्या, पण गेलेली जाणीव परत येईल असं डॉक्टर काही म्हणाले नाहीत.

तीन आठवड्यांनी बाई पुन्हा आल्या. शनिवारचा सामना केव्हाच होऊन गेला होता. पात्यांची कोरी जोडी, सीलबंद. काकांनी चार दिवस घेतले. पाचव्या दिवशी त्यांनी क्रॉसबो सवयीनं काकूंच्या टेबलावर ठेवला, आणि चूक लक्षात येऊन तो उचलायला हात पुढं केला.

"राहू दे," काकू म्हणाल्या. "बाई, तुम्ही बसा इथं." त्या खुर्चीवरून उठल्या. "तुमची बोटं रोज दुसऱ्यांच्या दातांतल्या चिरा शोधतात. कापूस घ्या. घाई नको. तंतू अडकला की हाताला बारीकशी ओढ लागते, अगदी... कुणी पदर धरल्यासारखी."

बाईंनी तीनदा बोळा फिरवला. तिसऱ्यांदा तर श्वास रोखून. मग त्यांचा चेहरा पांढराफटक झाला, कारण आता आपल्याला काय म्हणायचंय आणि त्यानंतर काय करायचंय हे त्यांना ठाऊक होतं.

"हो," त्या म्हणाल्या, आणि फळीमागं जाऊन सुतळी धरली.

काकू त्यांच्या मागं उभ्या राहिल्या, नेहमीसारखा हात निऱ्यांशी धरून. पहिला बाण गेला. काकूंचा अंगठा पेरावर सरकला. दुसरा. तिसरा. चौथ्याला अंगठा हलला आणि तिथंच अडखळला. त्यांनी मान खाली घातली. अंगठा नक्की कुठं टेकलाय, ते त्या डोळ्यांनी शोधत होत्या.

पाचवा बाण भाऱ्यात घुसला.

"पाच," काका मोठ्यानं म्हणाले.

काकूंनी वर पाहिलं नाही. फक्त बोटं मिटून घेतली. काकांनी पुढचा बाण ठेवला, फळीमागं येऊन त्यांच्या शेजारी उभे राहिले, आणि दहापर्यंत मोजत गेले.