दोघांचं पाणी प्यालेली जास्वंद

मित्रांनो, ओकिनावाच्या किनाऱ्यावर एका खोलीएवढ्या दगडी थडग्याशेजारी उभी असलेली म्हातारी जास्वंद आहे मी. माझी फुलं लाल, पाच पाकळ्यांची, मधून लांब तुरा बाहेर आलेला. वास मात्र अजिबात नाही. सकाळी उमलायचं आणि संध्याकाळी मिटायचं, एवढंच एका फुलाचं आयुष्य. इथली माणसं मला परलोकाचं फूल म्हणतात. आजाऱ्याच्या घरी मला कुणी नेत नाही.

कामादो नावाच्या बाईनं आपल्या कुंपणातली पेन्सिलीएवढी फांदी तिरकी छाटली, खालची पानं काढली आणि इथल्या वाळूमिश्रित मातीत मला खोचलं. तिचा एकुलता एक मुलगा जिरू मामाबरोबर मासेमारीला गेला होता. वादळात होडी उलटली. मामा, म्हणजे कामादोचा थोरला भाऊ मात्सू, पोहत परत आला. जिरू सापडलाच नाही. जिरूच्या रिकाम्या थडग्यापाशी काहीतरी जिवंत असावं, असं तिला वाटलं असेल.

त्या दिवसापासून ती भावाशी बोलली नाही.

मी जोमानं वाढले. थंडी सरली की ती माझे शेंडे छाटायची, मग मला चहूबाजूंनी फुटवे यायचे. वादळानंतर पानांवरचं खारं पाणी धुवायची, माव्याची कीड बोटांनी पुसायची. गावच्या पोरी केस धुवायला माझी पानं खुडून न्यायच्या. त्यांना तिनं कधी नाही म्हटलं नाही. वसंतात गेलेल्यांच्या आठवणीसाठी सगळी घरं आपापल्या थडग्यांपुढे जेवायला बसत. मात्सू तेव्हा लांबूनच हात जोडून निघून जाई.

एका वर्षी पावसानं दडी मारली. कामादो रोज संध्याकाळी मला पाणी घालू लागली. समुद्रावरून परतताना मात्सूही सकाळी घालू लागला. एकाचं दुसऱ्याला ठाऊक नव्हतं. माझी मुळं गुदमरली, पानं पिवळी पडली, कळ्या न उमलता गळू लागल्या. दोघांनाही वाटलं, पाणी कमी पडतंय. दोघंही अजून ओतू लागली. मला ओरडून सांगावंसं वाटे, पण झाडाला कुठला आवाज?

एक दिवस काळजीनं कामादो सकाळीच आली. मात्सू बादली ओतत होता.

"तू इथं काय करतोयस?"

"पाणी घालतोय. रोजच घालतो."

"अरे, मी रोज संध्याकाळी घालते! बुडवलंस... हिलासुद्धा बुडवलंस तू!"

मात्सूच्या हातातली बादली खाली पडली. तो ती उचलायला वाकला. मग म्हणाला, "धरला होता गं मी त्याला. मनगट घट्ट धरलं होतं. सुटलं."

कामादो खाली बसली. इतक्या वर्षांत तिनं त्याला हे विचारलंच नव्हतं. थडग्याला टेकून ती पहिल्यांदा मोठ्यानं रडली. मग बाहीनंच तोंड पुसून म्हणाली, "बघत काय बसलायस, दादा? कुदळ आण घरून."

दोघांनी मला उकरून काढलं, कुजलेली मुळं कापली, खड्ड्यात पोवळ्याची जाडी वाळू घातली, मला परत लावून फांद्या निम्म्यावर आणल्या. पुढच्या वसंतात तो जेवायला आला, तरी लांबच बसला. तिनं रताळं त्याच्यापुढे सरकवलं. "खा. नाहीतर माश्या खातील. त्यांचाही मामा लागतोस का तू?"

तो हसला. जवळ सरकून खाऊ लागला.

पण मित्रांनो, त्यांना फार वसंत मिळाले नाहीत. मात्सू खोकल्यानं गेला. "इतकी वर्षं गप्प बसले, आणि आता बोलायला कुणी नाही," असं कामादो माझ्यापाशी पुटपुटायची. मग तीही याच थडग्यात आली.

दूरच्या नातेवाइकांनी थडगं उघडलं, दोघांच्या अस्थी शहरात नेल्या आणि दार चुन्यानं बंद केलं. आता मला कुणी छाटत नाही. बुंधा उघडा पडलाय. फुलं पार शेंड्यांना, समुद्राकडे तोंड करून येतात.

तुमच्या दारात जास्वंद असेल तर तिला भरपूर ऊन द्या, वर्षातून एकदा छाटा, आणि पाणी घालण्याआधी बोटानं माती चाचपून बघा. आणि घरात कुणाशी अबोला असेल, तर आजच जाऊन विचारा, काय झालं होतं तेव्हा. आज सकाळी उमललेलं माझं फूल आता मिटायला लागलंय.