रामबाईच्या टीव्हीतल्या तीन ज्योती

कामठ्याच्या रामबाई बिसेनच्या घरात त्या गुरुवारी सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. चपलांचा ढीग फाटकाबाहेर गेला होता. आत टेबलावर बत्तीस इंची टीव्ही होता. त्याला मागून-वरून भगवं मखमली कापड गुंडाळलेलं, वर झेंडूचा हार आणि पुढं समई. टीव्हीवर खरं तर बातम्या लागल्या होत्या. कांद्याच्या भावावर बोलणाऱ्या एका टकल्या गृहस्थाच्या बरोब्बर कपाळावर एक लख्ख पांढरी गोल ज्योत झळकत होती. दुसरी त्याच्या खांद्यावर. तिसरी खाली, बातम्यांची पट्टी सरकते तिथं. चॅनल बदला, क्रिकेट लावा, साबणाची जाहिरात लागू द्या, माणसं यायची-जायची पण तिन्ही ज्योती जागच्या हलत नव्हत्या.

"एलईडी एलईडी म्हणता," ज्योतबाबा गरजले, "मतलब मालूम है का? एल म्हणजे लक्ष्मी! ई म्हणजे ईश्वर! डी म्हणजे देवी! कंपनीवाल्याले का मालूम, त्यानं काय बनवून ठेवलं!"

"जय हो!" गर्दी म्हणाली. त्या टकल्या गृहस्थाला आपल्याला कामठ्यात आरती ओवाळली जातेय याची काहीच कल्पना नव्हती. तो कांद्याबद्दल बोलत राहिला.

रामबाई दाराशी भिंतीला टेकून बसली होती. टीव्ही तिचा, घर तिचं, आणि बाबांच्या म्हणण्यानुसार पहिली ज्योत म्हणजे तिचा नवरा शिवलाल. त्याला जाऊन दोन वर्षं झाली होती. मुलगा हेमेंद्र बंगळूरला कंपनीत. त्यानंच दिवाळीत हा टीव्ही ऑनलाइन मागवून धाडला होता. "आई, स्वस्तात मस्त मिळाला. तुले करमणूक होईल."

करमणूक कसली! रामबाई टीव्ही पाहायचीच नाही. ती तो नुसता चालू ठेवायची. सकाळी उठली की बटण दाबायचं, मग चूल, झाडलोट, निवडणं-पाखडणं. घरात माणसाचा आवाज हवा म्हणून. कधी कधी बातम्या देणारी मुलगी "नमस्कार" म्हणायची आणि रामबाई भाजी चिरता चिरता "नमस्कार बाई" म्हणून जायची. मग तिचं तिलाच कसंतरी व्हायचं.

उन्हाळा लागता लागता एका दुपारी पडद्यावर पहिला पांढरा गोल दिसला. रामबाईनं पदरानं पुसून पाहिला, गेला नाही. बंद करून चालू केला, पुन्हा तिथंच. तिच्या मनात आलं ते एकच. ती खुर्ची ओढून समोर बसली आणि म्हणाली, "आले का तुमी?"

त्या दिवसापासून ती त्या उजेडाशी बोलू लागली. आज काय शिजवलं, हेमेंद्रचा फोन आला की नाही, शेताच्या धुऱ्यावरचं झाड कसं आहे. आठवडाभरानं न राहवून तिनं शेजारच्या शामकलाला सांगितलं. शामकलानं हातपंपावर सांगितलं. आणि लगोलग कुठूनसे हे ज्योतबाबा मोटारसायकलवरून अवतरले.

बाबांनी टीव्ही पाहिला, डोळे मिटले आणि सांगितलं, "आत्मा अटकला आहे. एकटा आहे, अंधारात घाबरते. टीव्ही रातदिवस चालू ठेवा, घडीभर बंद करायचा नाही. आत्म्याले थंडी वाजते, कापड गुंडाळा. पौर्णिमेपर्यंत त्याच्या सोबतीले दुसरी ज्योत येईल."

आणि आली! तिसरीही आली. मग कामठाच काय, आजूबाजूची गावं लोटली.

एक गोष्ट रामबाईनं कोणाला सांगितली नव्हती. शिवलाल टीव्हीत आहे की नाही, याचा विचार करणं तिनं हळूहळू सोडून दिलं होतं. तिला सुख होतं ते वेगळंच. दोन वर्षं ज्या घराची कडी कोणी वाजवली नाही, तिथं आता बायका तिच्या चुलीशी बसून भाजी चिरत होत्या. चहाचं आधण उतरत नव्हतं. आणि कोणी ना कोणी विचारायचं, "रामबाई, तू जेवली का?" एवढ्या एका प्रश्नासाठी ती कितीही ज्योती सांभाळायला तयार होती. बाबा म्हणत होते, घरालगतच्या तिच्या जागेवर ज्योतीचा आश्रम बांधू. तिनं मान डोलावली होती.

शामकलाची मुलगी ओमेश्वरी बारा वर्षांची. पोरीला जन्मापासून सिकलसेल, रक्ताचा आजार. मधूनच हातापायाची हाडं ठणकायची, डोळे पिवळे व्हायचे. गोंदियाच्या दवाखान्यातल्या गोळ्या रोज चालू होत्या. बाबांनी त्या बंद करवल्या. "अंग्रेजी गोळी आणि ज्योत, एका पोटात दोघं राहत नाहीत." पोरीला सकाळपासून टीव्हीसमोर बसवायचं आणि आरती होईस्तोवर तिनं पाण्याचा थेंब घ्यायचा नाही, असा नेम घातला.

ओमेश्वरी शाळेत येईनाशी झाली, म्हणून तिच्या विज्ञानाच्या मॅडम, साक्षी मेश्राम, चौकशीला आल्या. कुडव्याहून रोज स्कूटीनं शाळेत येणाऱ्या. त्या मागं उभ्या राहून बराच वेळ पडद्याकडं पाहत होत्या. मग त्यांनी टीव्हीच्या पाठीमागं कापडाखाली हात घातला आणि चटका बसल्यासारखा बाहेर काढला.

शामकलाला त्या अंगणात म्हणाल्या, "पोरीला पाणी बंद करू नका हो. या आजारात पाणी कमी पडलं की दुखणं उसळतं. गोळ्या चालू करा."

शामकलाचा बांध फुटला. "मॅडम, बारा वर्षं दवाखाना करून राहिलो. डाक्टर म्हणते, जन्मभराची बिमारी. बाबा म्हणते, जाते. तुमीच सांगा, मी कोनाचं आयकू?"

साक्षी मॅडम आत वळल्या. त्या रामबाईपाशी येऊन बसल्या. "काकू, टीव्ही तुमचा आहे. तुम्ही हो म्हटलं तर उद्या माणूस आणून उघडून दाखवते. त्या ज्योती कशाच्या, मला ठाऊक आहे."

रामबाईनं दोन्ही हात जोडले. "नोको मॅडम. उघडला अन् ते चालले गेले त?"

"काकू, ते त्यात नाहीत."

"तुमाले का मालूम?" रामबाईचा आवाज चढला. "तुमी एकट्या राहता का घरात?"

मॅडम उठल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, "तरी मी उद्या येते. नाही म्हणालात तर चहा पिऊन परत जाईन."

तोच हा गुरुवार. साक्षी मॅडम आल्या होत्या. सोबत टीव्ही दुरुस्त करणारा कुडव्याचा मुन्नालाल, खांद्याला अवजारांची थैली. दोघं दाराबाहेर उभे. गर्दीतून चैतराम उठला. बाबांचा सगळ्यात मोठा भक्त, आवाजही तसाच मोठा. "मॅडम, तुमच्या घरी देव नाही, तुमाले यातलं का समजते?"

"देव नसेल भाऊ," मॅडम शांतपणे म्हणाल्या, "पण माझ्या घरी हाच टीव्ही आहे. हीच कंपनी, हाच साइज. गेल्या साली त्यातही ज्योत आली होती. इंटरनेटवर पाहा, हा टीव्ही घेणारे किती जण हेच लिहितात. साताऱ्याचा, पाटण्याचा, कोचीचा. सगळ्यांच्या घरी आत्मे अटकले का?"

कोणीतरी हसलं. बाबा कडाडले, "शंका केली की ज्योत कोपते! आरती करा!"

तेवढ्यात समोर बसलेली ओमेश्वरी आडवी झाली. गुडघे पोटाशी घेऊन ती कण्हायला लागली. ओठ सुकून पांढरे पडलेले. ती सरपटत दारापाशी आली आणि तिनं रामबाईचं लुगडं धरलं. "आजी... पानी."

"पानी नहीं!" बाबांनी हात उगारला. "ज्योतीकडे पाहा बेटी. ज्योत पी!"

सगळे पाहत राहिले. शामकला रडत होती पण जागची उठली नाही. रामबाईनं पोरीचा हात हातात घेतला. तो तापलेला होता. आपल्या घरात, आपल्या नवऱ्याच्या नावानं, एका लेकराला पाणी मिळत नव्हतं. शिवलाल असता तर? आधी त्यानं बाबाची मोटारसायकल तळ्यात ढकलली असती.

रामबाई उठली. माठातून गडवा भरून आणला आणि पोरीच्या तोंडाला लावला. मग टेबलाशी जाऊन तिनं टीव्हीचं बटण खटकन बंद केलं. तिन्ही ज्योती गेल्या.

"पाप!" बाबा ओरडले.

"मॅडम," रामबाई म्हणाली, "उघडा."

शामकला भानावर आली. शेजारच्या तिलकनं गाडी काढली आणि मायलेकी गोंदियाला निघाल्या. मागं उरलेल्या गर्दीत मात्र कुजबुज, रेटारेटी. मुन्नालालनं कापड सोडलं आणि टीव्ही उचलून जरा तिरका केला. आतून खुळखुळ आवाज आला.

"सुना?" तो म्हणाला.

सगळ्यांनी ऐकलं. त्यानं स्क्रू काढले, समोरची काच अलगद उतरवली, खालचे पांढरे कागद बाजूला ठेवले. आत पट्ट्या होत्या आणि पट्ट्यांवर ओळीनं बारीक दिवे. प्रत्येक दिव्यावर शर्टाच्या गुंडीएवढी पारदर्शक टोपी. तीन दिव्यांच्या टोप्या नव्हत्या. त्या तळाशी पडल्या होत्या.

मॅडमनी एक टोपी तळहातावर घेतली. "दिव्याचा उजेड सगळीकडे सारखा पसरवायचं काम हिचं. ही चिकटवलेली असते. माल स्वस्त, गोंद हलका. गरम झाला की गोंद सुटतो, टोपी पडते आणि त्या एका दिव्याचा उजेड पडद्यावर एकाच जागी पडतो. ही तुमची ज्योत."

मुन्नालालनं पट्टीला करंट दिला. उघडे दिवे डोळ्यांत घुसले. मॅडमनी चिमट्यानं टोपी एकावर बसवली, झगझगाट मावळला. काढली, पुन्हा आला.

"मले पाहू द्या," चैतराम पुढं आला. त्यानं स्वतः टोपी ठेवली, काढली, ठेवली. "गेली... आली... गेली..." तो लहान पोरासारखा पुटपुटत होता. मग त्याचा चेहरा उतरला.

"पण बाबानं आधी सांगतलं होतं ना, दुसरी येईल म्हणून?" एकीनं विचारलं.

बाबांनी संधी साधली. "हां! बताओ मॅडम! भविष्य कोणी सांगितलं?"

"मी सांगते," रामबाई म्हणाली. सगळे तिच्याकडं वळले. "पहिल्या दिवशी यानं रिमोट हातात घेतला. मले वाटलं, आशीर्वाद देऊन राहिला. मले त त्या टीव्हीच्या सेटिंगा कधी सापडल्या नाहीत, हेमेंद्र फोनवर सांगते तरी चुकते. यानं न पाहता चार बटणं दाबली अन् उजेड पुरा वाढवला. मग रातदिवस चालू ठेवाले लावला. मग कापड गुंडाळाले लावलं. मॅडम, यानं माह्या टीव्हीले ताप आणला ना?"

"हो काकू," मॅडम म्हणाल्या. "मागची हवेची भोकं बंद, उजेड पूर्ण, आराम नाही. गोंद सुटणारच होता. याला ते ठाऊक होतं. आत्म्याला थंडी वाजत नव्हती, टीव्ही तापत होता."

चैतराम बाबांकडं वळला, तर बाबांची जागा रिकामी. बाहेर मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला. पण लोकांनी फाटकातच धरलं. पोलिस आले, पोरीचं औषधपाणी तोडलं म्हणून जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा लागला. रामबाईनं जबानी दिली. पुढं कळलं, बाबा आधी तिकडं छत्तीसगडात टीव्हीच्याच दुकानात कामाला होता.

ओमेश्वरीला सलाइन लागलं आणि ती आठवड्यानं घरी आली. आजार गेला नाही, जाणारही नाही. पण गोळ्या चालू आहेत, पाण्याची बाटली दप्तरात असते आणि ती शाळेत जाते.

मुन्नालालनं टोप्या चिकटवून टीव्ही नीट करून दिला. पडदा स्वच्छ झाला. त्या संध्याकाळी रामबाईनं तो लावला आणि जिथं पहिला गोल होता, तिथं बोट टेकवून बराच वेळ उभी राहिली. मग खुर्चीत बसून तोंडात पदर घालून रडली. बायका येईनाशा झाल्या. कोणाला लाज वाटत होती, कोणाला राग आला होता. हेमेंद्रचा फोन आला. "आई, तो फालतू टीव्ही दे टाकून, नवीन धाडतो."

"चांगला झाला तो."

"मग ठेवू फोन?"

"ठेव बापा."

पंधरवड्यानं दुपारी फाटकाशी एक टेम्पो थांबला. लांबच्या गावची माणसं. खाटेवर एक म्हातारा, श्वास लागलेला, सोबत त्याची बायको. त्यांना मधली काहीच खबर नव्हती. "ज्योतीचं घर हेच ना बाई?" म्हातारीनं नारळ पुढं केला.

रामबाईनं नारळ पाहिला. किती दिवसांनी कोणी दारात आलं होतं. या, बसा, एवढंच म्हटलं असतं तरी ती माणसं संध्याकाळपर्यंत थांबली असती. तिनं त्यांना बसवलं, चहा दिला आणि सगळं जसंच्या तसं सांगितलं. टोपी, गोंद, कापड, रिमोट, पोरगी. "ज्योत नव्हती बाई, बिघाड होता. वेळ घालवू नोको, यांले दवाखान्यात ने. कोनीही चमत्कार दाखवला की एक विचाराचं, उघडून दाखवतोस का? उघडू देत नसंल, त तिथं थांबाचं नाही."

म्हातारीनं विचारलं, "पन बाई, तुले खरंच वाटलं नाही का कधी, का तुहा मालकच आला म्हणून?"

"वाटलं," रामबाई म्हणाली. "अजूनही वाटते. एकट्या माणसाले लई काही वाटते. वाटणं माह्या हाती नाही. मानणं माह्या हाती आहे."

तिनं टेम्पोवाल्याला गोंदियाच्या दवाखान्याचा रस्ता सांगितला. म्हाताऱ्याच्या उशाशी पाण्याची बाटली ठेवली. टेम्पो वळणापलीकडं दिसेनासा होईपर्यंत ती फाटकाशी उभी होती.