पहिल्या पोर्टचा मान

माणूस जातो, मान राहतो. आमच्या नेरवंड गावात हे कुणाला शिकवावं लागत नाही. मुंबईत गिरण्या बंद पडल्या, चाळी पाडून टॉवर झाले, पोरांची पोरं इंग्रजी शाळेत गेली, पण कुठल्या वाडीनंतर कुठल्या वाडीचा मान, हा क्रम जिथल्या तिथं राहिला. गेल्या माघात तो घाटकोपरच्या भटवाडीत, प्लास्टिकच्या एका डब्यात मुक्कामाला आला. डब्याला आठ भोकं होती आणि बुडाला तैवानचं नाव होतं.

भटवाडीत पुनर्वसनाच्या इमारतीत तळमजल्यावर आमच्या ग्रामस्थ मंडळाची खोली आहे. गावात तीन वाड्या, म्हणून खोलीत तीन टेबलं आणि तीन कॉम्प्युटर. प्रिंटर मात्र एकच. शिमग्याला गावी सोडायच्या गाड्यांची यादी प्रत्येक वाडी आपापल्या कॉम्प्युटरवर करायची. मग प्रिंटर उचलून या टेबलावरून त्या टेबलावर न्यायचा. गेल्या शिमग्यात तो वरच्या आणि मधल्या वाडीच्या दरम्यान पडला. पडला कुणाच्या हातून, यावर अजून एकमत नाही. तेव्हा कार्यकारिणीनं ठराव केला की तिन्ही कॉम्प्युटर एकमेकांना जोडावेत.

काम नितेशवर आलं. नितेश मधल्या वाडीचा, अंधेरीच्या एमआयडीसीत एका कंपनीचं नेटवर्क सांभाळतो. त्यानं आधी साधा उपाय सुचवला.

"आबा, वायफाय करू या ना. वायरीची कटकटच नाही."

आबा म्हणजे अध्यक्ष रामचंद्र, वरच्या वाडीचे. ते कधी घाईनं बोलत नाहीत. "वायफाय दिसता?"

"दिसत नाही, पण असतं."

"असा देव एक पुरे. वायर टाक. कोण कोणाक जोडलेलो हा, ता सभेक दिसाक व्हया."

नितेशच्या कंपनीनं जुनं सामान काढून टाकलं होतं. त्यातला एक हब त्यानं पिशवीत घालून आणला. प्रिंटरच्या वर भिंतीवर दोन स्क्रू मारून तो बसवला. मग समजावून सांगितलं. प्रत्येक कॉम्प्युटरची एक वायर या डब्यात येणार, प्रिंटरचीही येणार. एकानं काही पाठवलं की हब ते सगळ्यांना सांगतो. ज्याच्यासाठी असेल तो घेतो, बाकीचे सोडून देतात.

कार्यकारिणीला ही पद्धत नवी नव्हती. लगेच पटली.

मग नितेशनं वायरी कापायला घेतल्या. एकेका वायरीच्या पोटात रंगीत अशा आठ बारीक तारा असतात. नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, निळी, अशा ठरलेल्या क्रमानंच त्या टोकाच्या क्लिपमध्ये बसवाव्या लागतात. एक जरी इकडची तिकडे झाली तरी सगळं ठप्प. चष्मा कपाळावर चढवून तो एकेक तार बोटानं सरळ करत होता. या क्रमाबद्दल कुणीही चकार शब्द काढला नाही. कुठली तार आधी आणि कुठली नंतर, हे विचारायलाही कुणी उठलं नाही.

वायरी तयार झाल्यावर त्यानं एक उचलली आणि हबकडे हात नेला.

"थांब," लवूकाका म्हणाले.

लवूकाका खालच्या वाडीचे. गिरणी बंद झाल्यावर मुलुंडला एका कारखान्यात वॉचमन होते, आता निवृत्त. सभेत बोलत नाहीत. खुर्ची दाराजवळ घेतात आणि चहा सगळ्यांना मिळाल्यावर घेतात. आज ते उठून हबसमोर उभे राहिले. वाकून त्यांनी भोकांच्या वरचे आकडे वाचले.

"ह्यो एक नंबर कोणाक?"

"कुणालाही, काका. सगळी पोर्ट सारखीच."

"सारखी?" लवूकाकांनी मान वळवली. "मगे नंबर कित्याक घातलेत?"

नितेशकडे याला उत्तर होतं, पण ते तांत्रिक होतं. खोलीत आता कुणी बसलेलं नव्हतं.

"क्रम ठरलेलो हा," आबा म्हणाले. "वरची, मधली, खालची. पालखी तशी, वायर तशी."

"पालखी गावात. ह्या घाटकोपर."

"लवू, देव बदललो नाय. जागा बदलली."

मालनताई मधल्या वाडीच्या. मंडळाचं टायपिंग त्या करतात आणि खरं म्हणजे मंडळही त्याच चालवतात. त्या म्हणाल्या, "अहो, भोकं आहेत ती. त्यात वायर घालायची, नारळ नाही वाढवायचा. मला यादी छापायची आहे."

"नारळ वाढवूचो हा," आबा आणि लवूकाका एकदम म्हणाले. तेवढ्यापुरतं त्यांचं पटलं.

पालखीचं इथं सांगायला हवं. शिमग्यात पालखी आधी वरच्या वाडीत जाते. तेव्हा फुलं ताजी असतात, ढोल कडकडीत वाजतो, खांदेकरी अंगणात पालखी नाचवतात आणि बायका खिडकीतून डोळे पुसतात. मधल्या वाडीत पोचेपर्यंत नाच थोडा कमी होतो. खालच्या वाडीत येते तेव्हा ढोलाचं कातडं सैल पडलेलं असतं, खांदे सुजलेले असतात आणि मानकऱ्यांना घरची ओढ लागलेली असते. तिथं पालखी नाचत नाही. टेकवतात आणि उचलतात. हे कुणी मुद्दाम करत नाही. क्रमच तसा आहे.

लवूकाका हबकडे बघत आपल्या आईबद्दल बोलायला लागले. आवाज चढला नाही.

"माझी आवस, सुंदराबाई. शेवटच्या शिमग्याक तिका उभ्यान रवाक होत नव्हता. दोन बायकांनी धरून अंगणात आणली. सारवण तिनाच केलेला, बसान बसान. ओटीचा ताट हातात. पालखी इली तेव्हा काळोख पडलेलो. खांदेकरी म्हणाले, उशीर झालो, हयसूनच हात जोडा. पालखी टेकलीच नाय. ताट तिच्या हातात तसाच रवला. मी मुंबैक होतंय. माका हे सगळा मागसून कळला. पुढच्या शिमग्याक ती नव्हती."

बाहेर रिक्षावाला कुणाशी तरी सुट्यांवरून भांडत होता, ते स्पष्ट ऐकू आलं.

"माका पालखीचो क्रम बदलूक सांगूचो नाय," लवूकाका म्हणाले. "तो देवाचो. पण ह्यो डबो कालपर्यंत कचऱ्यात होतो. हेचो क्रम अजून कोणी लावूक नाय. एकदा, एकाच जाग्यार, खालची वाडी पयली येवंदे. वरून आवस बघीत नसात, ठाऊक हा माका. तरी पण."

नितेशनं हातातली वायर खाली ठेवली. "द्या ना आबा. काय फरक पडतो? खरंच सांगतो, सगळी पोर्ट सेम आहेत."

"सेम हत तर तेका आठवो दे."

"आबा!" मालनताई म्हणाल्या.

आबा दुष्ट नव्हेत. सुंदराबाईंच्या हातचे तांदळाचे घावणे त्यांनीही लहानपणी खाल्ले होते. पण वरच्या वाडीचा मान त्यांनी सोडला तर गावी गेल्यावर त्यांच्या भावकीला तोंड द्यायचं कुणी? स्वतः सोडता येत नाही आणि धरूनही ठेववत नाही, असा पेच आला की आमच्याकडे एक रस्ता आहे.

"कौल लावूया," आबा म्हणाले.

ग्रामदेवतेच्या मूर्तीवर पाण्यानं पाकळ्या चिकटवतात आणि प्रश्न विचारतात. उजवी पाकळी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. शेतातली मेर, लग्नाची तारीख, बोअरिंगची जागा, सगळं असंच ठरतं. मालनताईंनी गावी गुरवकाकांना व्हिडिओ कॉल लावला. गुरवकाका देवळातच होते.

"कसलो कौल?"

"हबचा," नितेश म्हणाला.

"कोणाचो?"

"डब्याचो," आबांनी मोबाइल आपल्याकडे ओढला. "आठ भोकांचो डबो. पयला भोक खालच्या वाडीक देवचा काय नाय, इतक्याच विचार."

गुरवकाकांनी आपल्या आयुष्यात याहून विचित्र प्रश्न देवाला विचारले असावेत, कारण त्यांनी पुढं काही विचारलं नाही. मोबाइल त्यांनी समईला टेकवून ठेवला. त्यामुळे आम्हाला देव दिसला नाही, देवळाचं आढं दिसलं आणि त्याच्यावरून चाललेली एक पाल दिसली. सगळ्यांनी चपला काढल्या. गाऱ्हाणं आबांनीच घातलं, कारण तोही मान वरच्या वाडीचा.

"बा देवा म्हाराजा! तुझी लेकरां पोटापाण्यासाठी ह्या मुंबैत इली."

"व्हय म्हाराजा!"

"आज एकमेकांक वायरीन जोडूक बसली हत. आणि जोडता जोडता तुटाक लागली हत."

"व्हय म्हाराजा!"

"ह्या डब्याचो पयलो मान खालच्या वाडीक देवचो आसात, तर उजवी दी. कोणाचा काय चुकला असात, तर ता पोटात घाल."

"व्हय म्हाराजा!"

शेवटचं वाक्य प्रश्नात बसत नव्हतं. पण ते म्हणताना आबांनी लवूकाकांकडे बघितलं, एवढं सगळ्यांनी पाहिलं.

आढं तसंच राहिलं. पाल निघून गेली. लवूकाकांनी डोळे मिटले होते आणि त्यांचे हात, ताट धरावं तसे, छातीशी जुळले होते. बराच वेळ काही झालं नाही. मग गुरवकाकांचा आवाज आला.

"उजवी! उजवी पडली रे! चोख!"

लवूकाका खुर्चीवर बसले. त्यांना पाणी दिलं. आबा पुढं झाले, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "चल. लाव तुझी वायर."

नारळ वाढवला. हबला झेंडूची माळ घातली, ती नितेशनं गरम होईल म्हणून थोडी वर सरकवली. खालच्या वाडीच्या कॉम्प्युटरची वायर लवूकाकांनी स्वतः एक नंबरच्या पोर्टमध्ये घातली. क्लिप 'टक्' करून बसली. त्या आवाजाला खोलीतल्या म्हाताऱ्यांनी हात जोडले. त्याच्यामागून वरची वाडी दोनमध्ये, मधली तीनमध्ये, प्रिंटर चारमध्ये. नितेशनं बटण दाबलं.

दोनवर हिरवा दिवा लागला. तीनवर लागला. चारवर लागला.

एकवर लागला नाही.

"येईल, येईल," नितेश म्हणाला. वायर काढून परत घातली. मग टेस्टर लावला, वायर ठीक होती. दुसरी वायर लावून पाहिली. शेवटी त्यानं लवूकाकांची वायर एकमधून काढून पाचमध्ये घातली. पाचवर लगेच दिवा लागला.

"काका," तो खालच्या आवाजात म्हणाला, "पहिलं पोर्ट गेलेलं आहे. आतून. म्हणून बहुतेक कंपनीनं हा हब काढून टाकला असेल. पाचमध्ये मस्त चालतंय बघा."

लवूकाका पाचवरचा दिवा बघत राहिले. "परत लाव."

"कुठं?"

"एकात."

"काका, तिथं काही येणार नाही. नुसती वायर लटकेल."

"लवू, खुळ्यासारखो करू नको," आबा म्हणाले. आता त्यांचा आवाज अध्यक्षांचा नव्हता. "माझी दोन नंबरची घे. खराच सांगतंय. मी पाचात जातंय. वरच्या वाडीक मी काय ता सांगान."

"आणि एक नंबर?"

"रवात रिकामो."

"देवान दिलेलो मान रिकामो ठेवू?"

नितेशनं नवा डबा आणायचं सुचवलं, हबपेक्षा चांगला स्विच मिळतो म्हणाला, उद्याच आणतो म्हणाला. पण नवा डबा म्हणजे नवा कौल. आणि देवाला एकाच गोष्टीसाठी दोनदा विचारायचं नसतं, हे तर लहान पोरालाही माहीत आहे. उजवी दिली तेव्हा पोर्ट गेलेलं होतं, हे देवाला ठाऊक नव्हतं का, असं मात्र कुणी विचारलं नाही. तो प्रश्न कुठल्याच पाकळीवर बसणारा नव्हता.

"परत लाव, बाबा," लवूकाका नितेशला म्हणाले. तशी हाक त्यांनी कधी त्याला मारली नव्हती.

नितेशनं वायर पाचमधून काढली आणि एकमध्ये घातली. 'टक्' आवाज आला. दिवा लागला नाही. लवूकाकांनी खिशातला रुमाल काढून हबवर उडालेलं नारळाचं पाणी टिपलं, आपल्या टेबलापाशी गेले आणि कॉम्प्युटर चालू करून खालच्या वाडीची पहिली नावं एका बोटानं टाइप करायला लागले.

यंदाच्या गाड्यांची यादी त्याच आठवड्यात निघाली. वरच्या वाडीची पानं आपोआप छापून आली, त्यांच्या मागोमाग मधल्या वाडीची. ती झाल्यावर मालनताई उठल्या आणि खालच्या वाडीची यादी पेन ड्राइव्हवर घेऊन छापायला आपल्या कॉम्प्युटरपाशी आल्या.