मालनच्या भिंतीचं पाणी

लालबागची चाळ पाडून टॉवर उभा राहिला आणि मालनला चौदाव्या मजल्यावर घर मिळालं. ऐन श्रावणात हॉलच्या भिंतीला, नेमकी गणपतच्या फोटोमागे, ओल धरली. गणपत, तिचा नवरा, जाऊन वर्षं लोटली होती. गिरणीच्या दारात काढलेला हा त्याचा एवढा एकच फोटो. त्याच्या कपाळावर बुरशी चढलेली दिसली आणि मालनच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

वरच्या घरात सीमा राहायची. चाळीतली जुनी शेजारीण, शाळेत विज्ञान शिकवणारी. मालनने तिच्या दारातच तोंड सोडलं. "माझ्या घोवाचो फोटो कुजलो गो तुझ्या बाथरूमच्या पाण्यान!"

सीमाने मुकाट्याने बाथरूमची नवीकोरी फरशी फोडून घेतली. खाली सगळं कोरडं ठणठणीत. ओल मात्र वाढतच राहिली. मग मालन लिफ्टपाशी, चारचौघांत किंचाळली, "तुझ्या घरात काय एक टिकणा नाय! ना पोर, ना पाणी!"

सीमाला मूल नव्हतं, हे अख्ख्या चाळीला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सीमा खाली आली. आत भाताची वाफ कोंडलेली, हॉलमध्ये दोरीवर ओले कपडे, खिडक्या बंद. त्याच भिंतीपलीकडच्या खोलीत सूनबाई प्राचीचा एसी अठरावर. सीमाने फ्रिजमधला गार पाण्याचा तांब्या काढून टेबलावर आदळला. बघता बघता तो बाहेरून थबथबला.

"हा गळतोय का?" सीमाने विचारलं. "गरम हवेत पाणी जास्त मावतं, गार हवेत कमी. तुझ्या घरातली हवा आधीच काठोकाठ भरलेली. एसीने गार पडलेल्या भिंतीला टेकली की पाणी सोडते. फोटोमागे वारा नाही, म्हणून तिथे जास्त. चाळीत कधी दार लावलं होतंस दिवसा?"

मालनने ओल्या तांब्यावरून बोट फिरवलं. "फरशी आमी घालून देतंव गो."

"फरशी बाजारात मिळते," सीमा म्हणाली आणि निघून गेली.

मालनने एसी कमी करायला लावला, कपडे हलवले, दार सताड उघडं टाकलं. भिंत हळूहळू कोरडी झाली. पुसलेला गणपत पुन्हा खिळ्यावर चढला. चाळीत असं उघडं दार दिसलं की सीमा न बोलावताच चहाला आत यायची. आता दार दिवसभर उघडं असतं. लिफ्ट वर जाते, खाली येते, सीमा काही आत येत नाही. मालनला त्या कोरड्या भिंतीचाच राग येतो.