निन्फा पळून जाते

निन्फा वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी एका पुरुषाबरोबर पळून गेली, आणि तीही स्वतः गाडी चालवत. पुरुषाला मोतीबिंदू होता, म्हणून तो बिचारा नुसता शेजारी बसला होता.

त्यांच्या मझारा गावात ही रीत जुनी. घरचे लग्नाला नाही म्हणाले की पोरंपोरी फुइतीना करायची, म्हणजे पळून जायची. एक रात्र बाहेर काढली की अब्रू झाकायला घरच्यांना हो म्हणावंच लागे. पण हे विशीतल्यांचं काम. निन्फा विशीत असताना बापानं तिला एका मासळीवाल्याच्या गळ्यात बांधलं, तिला विचारलंसुद्धा नाही. नवरा वाईट नव्हता. तो गेला तेव्हा ती मनापासून रडली. आता तिला गास्पारे न्हाव्याशी लग्न करायचं होतं, आणि तिचा एकुलता एक मुलगा बाल्दासारे आडवा आला होता. "ममा, या वयात? लोक तोंडात शेण घालतील माझ्या!"

"मग पळून जाते," ती म्हणाली होती. त्याला वाटलं, म्हातारी चेष्टा करतेय.

पहिला थांबा सेलिनुंतेला. समुद्राकाठी हजारो वर्षांपूर्वीच्या देवळांचे खांब आडवेतिडवे पडले होते. त्यातल्याच एका तुकड्यावर बसून दोघांनी तेल आणि खारवलेली मासळी भरलेला पाव खाल्ला.

"आपलंही असंच होणार बघ," गास्पारे म्हणाला. "भुईसपाट."

"तू अजून उभा आहेस ना? मग खा मुकाट्यानं."

तिथूनच तिनं शेजारच्या रोझालबाला फोन लावला आणि कोण, कुणाबरोबर, रात्रीचा मुक्काम कुठं, सगळं सांगून टाकलं. रोझालबाच्या कानावर पडलं की गावभर झालंच. गास्पारे पांढराफटक पडला. "अगं, सांगितलंस कशाला?"

"फुइतीना कुणाला कळलीच नाही तर ती नुसती सहल झाली, गास्पारे."

मग सालेमीच्या टेकडीवर चढून कॉफी, उतरून सेजेस्ताचं ते बिनछपराचं देऊळ, आणि दिवस मावळता मावळता एरीचेचा वळणावळणाचा घाट. वर धुकं दाटलं होतं. खोल्या भाड्यानं देणाऱ्या बाईनं दोघांकडं बघून विचारलं, "दोन खोल्या ना?"

"एक," निन्फा म्हणाली. गास्पारेचे कान लाल झाले.

सकाळी ती दोघं चौकात बदामाच्या वड्या खात होती, तेवढ्यात बाल्दासारे धापा टाकत आला. डोळे तारवटलेले, दाढी वाढलेली. निन्फानं वड्यांची बशी त्याच्यापुढं सरकवली. पोटचाच पोर शेवटी. त्यानं कायमची पाठ फिरवली तर हे लग्न तिला गोड लागणार नव्हतं, आणि ते तिला पक्कं ठाऊक होतं.

"जिंकलीस," तो खुर्चीत कोसळत म्हणाला. "करा लग्न. पाद्र्यांशी बोललोय मी. रविवारी पहाटे, चर्चच्या मागच्या खोलीत. घंटा नाही, पाहुणे नाहीत. साधा काळा पोशाख. पळालेल्या बायकांचं असंच लागतं, तुला माहितेय."

माहीत होतं. तिच्या मावशीचं तसंच लागलं होतं, चोरी केल्यासारखं. गास्पारेनं सुटकेचा श्वास सोडला आणि टेबलाखाली तिचा हात दाबला. हो म्हण, असा.

तिनं हात सोडवून घेतला.

"लपूनच लग्न करायचं असतं तर पळून कशाला आले असते रे?"

"ममा, हळू! लोक बघतायत."

"बघू देत. तुझ्या बापाची दाढी जन्मभर ह्यानं केली. शेवटची, तो शवपेटीत असतानाची, तीही ह्यानंच. करताना रडत होता हा. तेव्हा लाज नाही वाटली तुला, आता वाटते? भर दुपारी लागेल लग्न. मोठ्या वेदीपुढं. सगळ्या घंटा वाजतील. आणि मला हात धरून तू नेशील."

"आणि नाही नेलं तर?"

निन्फानं आपली पर्स उचलली. "तर एकटी चालत जाईन. दर रविवारी गाव विचारेल, हिचा पोरगा कुठं होता? उत्तर तू देत बस." ती उठली. "चल रे गास्पारे. अजून बरीच गावं राहिलीत. जितके दिवस फिरू तितकी चर्चा."

बाल्दासारे वेशीबाहेर गाडीपर्यंत मागं मागं आला. "गास्पारेकाका, तुम्ही तरी समजवा तिला!"

गास्पारेनं आधी त्याच्याकडं पाहिलं, मग तिच्याकडं. आयुष्यभर गिऱ्हाइकाच्या हो ला हो म्हणणारा माणूस. "तू दाढी कर बाबा," तो म्हणाला. "लग्नात बरं नाही दिसणार असं." आणि गाडीत जाऊन बसला.

बाल्दासारे गाडीच्या दाराला धरून उभा राहिला. शेवटी म्हणाला, "दुपारी तर दुपारी. येईन मी. पण ममा, पोशाख तेवढा काळा घाल. हात जोडतो."

"पांढरा!" निन्फानं काच वर केली आणि गाडी घाटाला लावली.

पहिलं वळण गेल्यावर गास्पारेनं हळूच विचारलं, "खरंच पांढरा घालणार?"

"छे. निळा काढून ठेवला होता मी," ती डोळे पुसत म्हणाली. "आता मात्र पांढराच."